ट्रक ड्रायव्हरची सुरुवात कशी होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं ट्रक चालवला आणि आता नव्या मुलांना शिकवतो. शिकायला येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात जे विचारतो, आणि त्याला सोडायला आलेले आईवडील गेटपाशी थांबून हळूच जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे. अनुभव माझे आणि माझ्या ओळखीच्या ड्रायव्हरांचे आहेत. नियम देशागणिक बदलतात, म्हणून आकडा दिला आहे तिथे देशाचं नावही दिलं आहे.

लोक ट्रक ड्रायव्हर होतात तरी कसे?

एखाद्या जुन्या ड्रायव्हरला हे विचारून बघा. तो गाडीपासून सुरुवात करणार नाही, माणसापासून करेल. "मामांची गाडी होती, सुट्टीत मी बरोबर जायचो." "गोदामात हमाली करत होतो, तिथे एक उस्ताद यायचे." कुणीतरी कधीतरी "चल, बस गाडीत" म्हटलेलं असतं.

वाटा अनेक आहेत. काही जण क्लीनर म्हणून गाडीवर चढतात आणि दोन-तीन वर्षांनी स्टिअरिंगवर येतात. काही गॅरेजमध्ये ग्रीस भरता भरता गाडी आत-बाहेर काढायला शिकतात. शेतकऱ्याघरची मुलं ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घेतच मोठी झालेली असतात, त्यामुळे ट्रेलर त्यांच्या हाताला लवकर बसतो. सैन्यात अवजड गाड्या चालवलेले जवान निवृत्तीनंतर इकडे येतात. कारखाना बंद पडला म्हणून चाळिशीत आलेले मी शिकवले आहेत आणि टेबलावरची नोकरी सोडून आलेला मुलगाही शिकवला आहे. ड्रायव्हिंग स्कूलमधून परवाना काढून थेट कामाला लागणारेही असतात.

या सगळ्यांच्या बोलण्यात मला एक गोष्ट सारखी सापडते. परवाना हातात पडला तो दिवस बहुतेकांच्या लक्षात नसतो. पण कुणीतरी आपली गाडी, तिच्यावरचा दुसऱ्याचा माल आणि रस्त्यावरची माणसं आपल्या भरवशावर सोडून दिली, तो दिवस त्यांना वारासकट आठवतो. माझ्या लेखी सुरुवात त्या दिवशी होते. त्याआधीचं सगळं तो भरवसा कमावण्यासाठी असतं.

तुमची स्वतःची सुरुवात कशी झाली?

गोदामात. वय एकोणीस, काम माल चढवण्या-उतरवण्याचं. एका रात्री पावसात एक गाडी डॉकला, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या ओट्याला, लावायची होती आणि तिचा क्लीनर तापाने केबिनमध्ये पडून होता. ड्रायव्हरने काच खाली करून मला हाक मारली. "मागे उभा राहा. आरशात तू मला दिसत राहिला पाहिजेस. दिसेनासा झालास की मी गाडी थांबवणार."

मी मागे जाऊन "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायला लागलो. गाडी थांबली. ते भिजत खाली उतरून आले. म्हणाले, "इंजिनच्या आवाजात मला काय ऐकू येणार? अंतर हातांनी दाखव." दोन्ही तळवे समोरासमोर धरून त्यांनी करून दाखवलं: एवढं राहिलं, एवढं राहिलं, बस. मग मी तसं दाखवत गेलो आणि गाडी डॉकच्या रबराला जाऊन टेकली. आवाजसुद्धा झाला नाही.

महिन्याभरात मी त्यांच्या गाडीवर क्लीनर होतो. पहिले आठ महिने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पहाटे निघण्याआधी लाकडी दांडकं घेऊन एकेक टायर ठोकायचा. हवा असलेल्या टायरवर दांडकं उसळतं आणि आवाज टणक येतो, बसलेल्या टायरवर नुसतं धप्प होतं. जोडचाकातलं आतलं टायर बसलं असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतं. हवा थोडीशीच कमी असेल तर मात्र कानालाही कळत नाही, तिथे मीटरच लावायचा, हेही त्यांनीच बजावलं होतं. ताडपत्री कशी ताणायची, दोराची गाठ कुठे मारली म्हणजे ओली झाल्यावरही सुटते, माल कलंडायला लागला की गाडी वळणावर कशी बोलते, हे सगळं त्या आठ महिन्यांत शिकलो.

नवव्या महिन्यात रिकाम्या यार्डात, रिकाम्या गाडीवर, पहिल्या गिअरमध्ये शंभर फूट चालवली असेन. उस्ताद शेजारी बसून होते. म्हणाले, "आता थांबव. आणि अशी थांबव की मागे कुणी झोपलेलं असेल तर जागं होणार नाही." माझ्या हातून गाडीने असा गचका खाल्ला की डॅशबोर्डवरचे कागद खाली आले. पुढचे पंधरा दिवस मी फक्त थांबायला शिकत होतो.

क्लीनर म्हणून सुरुवात करावी की सरळ ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जावं?

मला विचाराल तर आधी स्कूल, आणि मग निदान सहा महिने अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारची सीट. नुसती एक वाट धरली तर दोन्हीकडे काही ना काही राहून जातं.

स्कूलमध्ये कारणं कळतात. एअर ब्रेकमधली हवा कुठून कुठे जाते, एक्सलवर किती भार चालतो, आरसा कोणत्या कोनात असला म्हणजे मागचं चाक दिसतं, हे नीट समजावून सांगणारा माणूस तिथे असतो. पण सराव होतो तो दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर आणि बहुतेक वेळा रिकाम्या गाडीवर. भरलेली गाडी हा वेगळा प्राणी आहे. ती उशिरा वेग घेते, उशिरा सोडते आणि वळणावर तिचं वजन बाहेरच्या बाजूला सरकताना सीटमधून जाणवतं. रिकामी गाडीही दिसते तेवढी साधी नसते. तिच्या चाकांवर वजन नसल्यामुळे ती उसळते आणि जोरात ब्रेक मारला की चाकं सहज घसरतात.

उस्तादाच्या हाताखाली हात तयार होतो, पण त्यांच्या चुकाही आपण तेवढ्याच निष्ठेने उचलतो. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणं ही त्यातली सगळ्यात घातक. मीही ती शिकलो होतो आणि विसरायला वेळ लागला. आणखी एक सांगतो, ते कळकळीने सांगतो. शिकाऊ परवाना नसताना कुणी रस्त्यावर गाडी चालवायला देत असेल, तर तो माणूस कितीही जिव्हाळ्याचा असला तरी नाही म्हणा. यार्डात शिका, मोकळ्या मैदानात शिका. रस्त्यावर समोरून येणाऱ्याने तुमच्या शिकण्याला संमती दिलेली नसते.

वय आणि शिक्षण किती लागतं?

भारतात मालवाहतुकीच्या गाडीसाठी किमान वय २० वर्षं आहे आणि त्याआधी हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष जवळ असावा लागतो. किमान आठवी पास असण्याची अट पूर्वी होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. अमेरिकेत राज्याच्या हद्दीतल्या हद्दीत १८ व्या वर्षापासून चालवता येतं, पण राज्याबाहेर माल न्यायचा तर सर्वसाधारणपणे २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. युरोपीय संघात व्यावसायिक पात्रतेचं पूर्ण प्रशिक्षण घेतलं तर १८ व्या वर्षीही सुरुवात करता येते. तिथे परवाना मिळाला म्हणून शिकणं संपत नाही, दर पाच वर्षांत ३५ तासांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं. ही पद्धत मला फार आवडते.

आठवीची अट गेली हे बरंच झालं, कारण कागदावरचं शिक्षण नसलेली पण गाडीत जीव असलेली कितीतरी मुलं बाहेर अडकली होती. तरीही वाचता येत नसेल तर आधी वाचायला शिका. पुलाची उंची, धोकादायक मालावरची पाटी, मालाच्या पावतीवर लिहिलेलं वजन हे दुसऱ्याकडून वाचून घेण्यासारखं नाही. सही कशावर करतोय ते कळलं नाही म्हणून नुकसानीची भरपाई अंगावर आलेला ड्रायव्हर मी पाहिला आहे.

अगदी पहिले ट्रक ड्रायव्हर कुठून आले?

घोड्यांवरून. गोटलिब डाइमलर यांनी १८९६ मध्ये जर्मनीत पहिला मोटर ट्रक बांधला. इंजिन चार अश्वशक्तीचं आणि नेणार दीड टन माल. तो चालवायला शिकवणारा कुणी असणं शक्यच नव्हतं, कारण आधी कुणी चालवलेलाच नव्हता. मोटर ट्रक वाढत गेले तसे मालाच्या घोडागाड्या हाकणारे त्यांच्यावर येत गेले. अमेरिकेत १९०३ साली स्थापन झालेल्या टीमस्टर्स या कामगार संघटनेचं नावच मुळी जनावरांच्या जोड्या हाकणाऱ्यांवरून आलं आहे. पुढे ती ट्रक ड्रायव्हरांची मोठी संघटना झाली, पण तिच्या बोधचिन्हावर आजही दोन घोड्यांची तोंडं आहेत. मला यात अर्थ दिसतो. त्या लोकांना इंजिन नवीन होतं, पण वजन नवीन नव्हतं. भरलेली गाडी उतारावर मागून ढकलते, माल एका अंगाला लादला की गाडी त्या अंगाला ओढते, हे त्यांना आधीच माहीत होतं.

मग युद्धांनी ड्रायव्हर घडवले. १९१६ मध्ये व्हर्दनच्या लढाईत फ्रेंच सैन्याची रसद बार-ल-द्युकहून येणाऱ्या एका रस्त्यावर अवलंबून होती आणि ऐन धुमश्चक्रीत तिथून साधारण दर १४ सेकंदांना एक गाडी जात होती. १९४४ मध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याची 'रेड बॉल एक्सप्रेस' ही ट्रकची अखंड रांग चालली. तिच्यावरचे सुमारे तीन-चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांतल्या अनेकांनी त्याआधी कधी ट्रक हाकलेला नव्हता. रात्री, दिवे झाकून, बॉम्बने उखडलेल्या रस्त्यांवर त्यांची शिकवणी झाली.

पूर्वी परवाना सहज मिळायचा म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच ठिकाणी खरं आहे. अमेरिकेसारख्या देशातसुद्धा अनेक राज्यांत कारच्या परवान्यावर मोठा ट्रेलर चालवता यायचा. १९८६ मध्ये तिथे वेगळा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनाचा स्वतंत्र परवाना सक्तीचा झाला. नव्याने परवाना काढणाऱ्याने नोंदणीकृत प्रशिक्षकाकडेच शिकायचं हा नियम तर ७ फेब्रुवारी २०२२ चा आहे. म्हणून एखादे जुने ड्रायव्हर "आम्हाला कुणी शिकवलं नाही" म्हणतात तेव्हा ते फुशारकी मारत नसतात. पण त्यांच्याबरोबर सुरू केलेल्या किती जणांचा जीव रस्त्यावरच गेला, हेही त्यांना विचारा. ते गप्प होतात.

मुलींना, बायकांना हे काम जमतं का?

जमतं, आणि आजपासून नाही. लुएला बेट्स यांना पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ट्रक बनवणाऱ्या कंपनीने चाचणी ड्रायव्हर म्हणून घेतलं. युद्ध संपल्यावरही त्या कामावर राहिल्या. तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं आणि गाडी हँडल मारून सुरू करावी लागायची. आजच्या गाडीचं स्टिअरिंग एका हाताने फिरतं. ताकदीचा प्रश्न उरला आहे तो ताडपत्री आणि साखळ्या ओढण्यापुरता, आणि त्यातही जोरापेक्षा पद्धत लागते.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत: रात्री गाडी लावायला सुरक्षित जागा, स्वच्छ स्वच्छतागृह, आणि शिकवणारा माणूस भला असणं. माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलींना मी सांगतो की प्रशिक्षक कोण असेल ते आधी विचारा, आवडला नाही तर बदलून मागा आणि त्यासाठी कारण द्यायला बांधील राहू नका.

शिकताना सगळ्यात अवघड काय जातं?

पुढे जाणं सगळ्यांना येतं. घाम फुटतो तो ट्रेलर मागे घेताना.

स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते. डोक्याला हे पाच मिनिटांत पटतं, हाताला पटायला महिने लागतात. मी एक सोपी सवय लावतो: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. आता हात ज्या बाजूला न्याल त्याच बाजूला ट्रेलर जाईल. थोडं फिरवा, थांबा, ट्रेलर काय करतोय ते बघा. नवा मुलगा जास्त फिरवतो, मग घाबरून उलटं जास्त फिरवतो, आणि पुढची गाडी व मागचा ट्रेलर चाकूसारखे मिटायला लागतात. अशा वेळी मागे-मागे करत बसू नका. पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा सुरू करा. पुढे घेण्यात कमीपणा काहीच नाही. तीस वर्षं चालवणारेही घेतात.

आणि उतरून बघा. शंका आली की हँडब्रेक लावून खाली उतरा, मागे चालत जा, वर बघा, खाली बघा. वर बघायचं बहुतेक जण विसरतात. तारा, फांद्या, पत्र्याच्या शेडची कड या गोष्टी आरशात येत नाहीत.

दुसरी अवघड गोष्ट वळण. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून कापत जातात. कोपऱ्यावर सायकलवाला उभा असेल तर तुमचं केबिन त्याच्यापासून लांबून गेलेलं असतं, म्हणून तुम्ही निर्धास्त असता, आणि मागचं चाक त्याच्या अंगावर चाललेलं असतं. यार्डात मी कोपऱ्यावर रिकामा डबा ठेवतो आणि प्रत्येकाला त्याला वळसा घालायला लावतो. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या चाकाखाली तो चेपतो. चेपलेला डबा मी त्यांच्या हातात देतो. आणखी काही बोलावं लागत नाही.

घाट उतरायची भीती वाटते. काय करू?

भीती वाटते हे चांगलं लक्षण आहे. तिला पद्धतीची जोड द्या.

गाडी उतारावर वेग घेते तेव्हा तो वेग रोखण्यासाठी लागणारं सगळं काम ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठतं. ड्रम तापून फुगतो, त्याला आतून घासून चाक रोखणारा लायनर पकड सोडतो, आणि पेडल तळाला गेलं तरी गाडी थांबत नाही. म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा. उतरायला लागल्यावर गिअर बदलायला गेलात आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. इंजिन धरून ठेवेल असा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (चाकाचे ब्रेक न वापरता वेग रोखणारी साधनं) असेल तर तो चालू, आणि पायाचा ब्रेक सर्वांत शेवटी. तोही सतत घासत ठेवायचा नाही. ठरवलेल्या वेगाच्या वर गेलात की ठोस दाबायचा, वेग ताशी आठेक किलोमीटरने उतरला की सोडून द्यायचा. ड्रमला मधे श्वास घ्यायला मिळतो.

माझी चूक सांगतो. स्टिअरिंगवर येऊन दुसरं वर्ष होतं, गाडी पूर्ण भरलेली. मला वाटलं एक गिअर वर चालेल, लवकर उतरू. अर्ध्यात जळका वास आला, मग आरशात मागच्या चाकातून निळसर धूर दिसला. पेडल मऊ लागायला लागलं होतं. एक रुंद जागा आली आणि तिथे कशीबशी थांबवली, ते नशीब. शेजारी बसलेले उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. खाली उतरून त्यांनी गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ओट लावली आणि मला दगडावर बसवलं. मी पाण्याचा डबा घेऊन धावलो तेव्हा तेवढं मात्र ओरडले, "पाणी नको! ड्रम तडकेल." आम्ही तासभर तिथे बसून होतो. त्या तासात मी जेवढं शिकलो तेवढं कुठल्याच वर्गात शिकलो नाही, आणि आज वर्गात सांगताना तो वास माझ्या नाकात येतो.

एअर ब्रेक म्हणजे नेमकं काय, आणि गाडी थांबायला किती अंतर लागतं?

हवेच्या दाबाने ब्रेक लागतात. पार्किंगचा ब्रेक मात्र स्प्रिंगने लागलेला असतो आणि हवा त्याला सोडवते. म्हणून टाकीत हवा भरेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि हवा फार गळली तर चाकं आपोआप जाम होतात. सकाळी गाडी सुरू करून दाब पूर्ण येईपर्यंत थांबा, तेवढ्या वेळात गाडीभोवती एक फेरी होते.

पेडल दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद तरी जातो. अमेरिकेच्या प्रशिक्षण पुस्तिकेतला हिशेब असा आहे की ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाला कोरड्या रस्त्यावर धोका दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत निदान १२८ मीटर जातात. एअर ब्रेकच्या उशिरामुळे त्यात आणखी दहाएक मीटर वाढतात. एकदा मैदानात तेवढं अंतर पावलांनी मोजून बघा आणि टोकाला एक माणूस उभा करा. तो किती लहान दिसतो ते बघितलं की पुढच्या गाडीमागे अंतर ठेवायला कुणाला सांगावं लागत नाही.

सगळे अनुभव मागतात. तो आणायचा कुठून?

हा प्रश्न विचारताना मुलांचा आवाज खरोखर रडवेला होतो, आणि त्यांचं बरोबर आहे. मालकाचीही बाजू असते: नव्या ड्रायव्हरचा विमा महाग पडतो आणि गाडी हे त्याचं भांडवल असतं. मधला मार्ग असा निघतो.

लहान गाडीपासून सुरू करा. शहरातल्या शहरात माल पोचवणाऱ्या गाडीवर दिवसाला पंधरा-वीस वेळा रिव्हर्स घ्यावी लागते, अरुंद गल्ल्या, पार्किंग, गिऱ्हाइकाशी बोलणं, पावत्या सगळं येतं. लांबच्या सरळ रस्त्यावर महिनाभर चालवून जे येत नाही ते इथे आठवड्यात येतं. दुसरी जागा म्हणजे मोठी गोदामं आणि बंदरं, जिथे ट्रेलर एका डॉकवरून दुसऱ्या डॉकवर हलवायला माणूस लागतो. ते काम कंटाळवाणं वाटतं, पण वर्षभर केलेल्या मुलाला रिव्हर्स शिकवावी लागत नाही. तिसरी वाट दोन ड्रायव्हरांच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून जाण्याची.

सुरुवातीला टँकर घेऊ नका. अर्धा भरलेला टँकर थांबल्यावर आतलं द्रव थांबत नाही, ते पुढे येऊन धडकतं आणि उभ्या गाडीला पुढे ढकलतं. त्याला हात बसलेला ड्रायव्हर हवा.

मालकाकडे जाताना एक करा. गाडी दाखवली की आधी तिच्याभोवती फिरा. टायर, दिवे, हवेच्या नळ्या, तेल गळतंय का ते बघा आणि मग वर चढा. माझी पहिली पक्की नोकरी एवढ्यावर मिळाली. मालक ऑफिसच्या खिडकीतून बघत होते, त्यांनी चाचणीसुद्धा घेतली नाही.

मालक किंवा कंपनी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

त्यांच्याकडचे ड्रायव्हर किती वर्षं टिकलेत ते बघा. गेटबाहेर दोन ड्रायव्हरांशी बोला, तेवढी माहिती ऑफिसात मिळणार नाही. पगार खेपेवर, किलोमीटरवर की महिन्यावर, गाडी दुरुस्तीला उभी राहिली तर त्या दिवसांचं काय, माल खराब झाला तर कुणाचं, हे कामाला लागण्याआधी लिहून घ्या. प्रशिक्षणाचा खर्च आम्ही करतो म्हणून दोन-तीन वर्षांचा करार पुढे करणारे असतात. सगळेच वाईट नसतात, पण मधेच सोडलं तर किती भरावं लागेल तो आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. मी एका ठिकाणी तोंडी बोलण्यावर पाच महिने राबलो आणि निघताना दोन महिन्यांचे पैसे सोडून निघालो. दाखवायला माझ्याकडे कागदच नव्हता.

आणि जास्तीचा माल भरून "चालतंय, सगळेच नेतात" म्हणणाऱ्याकडे राहू नका. अपघात झाला तर स्टिअरिंगवर तुम्ही असता.

दिवसाला किती तास चालवावं लागतं?

युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं आणि दिवसाला चालवण्याची मर्यादा ९ तास आहे, आठवड्यातून दोनदा ती १० होते. अमेरिकेत सलग १० तासांच्या सुट्टीनंतर ११ तास चालवता येतं. भारतात मोटर परिवहन कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने कामाचे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवून दिले होते; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. प्रत्यक्षात अनेकांकडून याच्या कितीतरी वर चालवून घेतलं जातं, आणि हे या व्यवसायाचं सगळ्यात मोठं दुखणं आहे असं मी मानतो.

झोप आली की काच उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं हे सगळं मी करून पाहिलं आहे. त्याने पाच-दहा मिनिटं मिळतात. गेला किलोमीटर कसा गेला ते आठवत नसेल तर मेंदू आधीच झोपलेला आहे. पुढच्या सुरक्षित जागी गाडी लावा आणि वीस मिनिटं आडवे व्हा. उशीर झाला म्हणून मालक ओरडला, तर ओरडू द्या.

चाळिशीनंतर सुरू करता येतं का?

येतं. नजर, रक्तदाब, साखर तपासून घ्या. जोरात घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेचीही तपासणी करा, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. वयाने मोठे विद्यार्थी हळू शिकतात पण घाई करत नाहीत, आणि मला ते शिकवायला आवडतात.

गाड्या ऑटोमॅटिक झाल्या. गिअर शिकायची गरज आहे?

शक्य असेल तर शिकाच. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर तसं बंधन येतं आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. शिवाय गिअरवर शिकलेल्याला इंजिनचा आवाज कळतो, आणि घाटात तो कान कामाला येतो.

घरच्यांना कसं समजवायचं?

समजवू नका, दाखवा. आईला एकदा यार्डात घेऊन या, केबिनमध्ये बसवा, गाडीभोवती फेरी कशी मारतोस ते तिला बघू दे. लग्न झालं असेल तर महिन्यातून किती रात्री बाहेर जातील ते खरं सांगा, कमी करून सांगू नका. माझ्या मुलीचे पहिले बरेच वाढदिवस मी फोनवरून साजरे केले. ती आता मोठी आहे आणि तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते दिवस मोजता येतात. सुरुवातीला रोज घरी येता येईल असं काम मिळत असेल आणि पैसे थोडे कमी असतील, तरी ते घ्या.

पहिल्या एकट्याच्या खेपेला सोबत काय असावं?

चांगली बॅटरी, हातमोजे, टायरचा मीटर, अंगावर घालायचं चमकतं जॅकेट, दोन सुके कपडे. निघाल्यावर पहिल्या ऐंशी किलोमीटरच्या आत एकदा थांबून दोर आणि पट्टे तपासा, कारण माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात.

आणि एक छोटी वही. तिच्या पहिल्या पानावर गाडीची उंची मोठ्या अक्षरात लिहा, मालासकट मोजलेली, आणि ते पान फाडून डोळ्यांसमोर चिकटवा. माझ्या पहिल्या खेपेला उस्ताद सोडायला गेटपर्यंत आले होते. त्यांनी टेप लावून उंची मोजली, माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिली, काचेच्या वरच्या कडेला चिकटवली आणि केबिनच्या दारावर दोनदा हात मारला. निघ, म्हणून.